आधी तराजूचा पासंग बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलं कोणत्या देशात सर्वांत सुखी, याच्या क्रमवाऱ्या अधूनमधून छापून येतात. युनिसेफच्या २००७ सालच्या क्रमवारीत २१ श्रीमंत देशांत नेदरलँड्स पहिला आणि ब्रिटन शेवटचा होता. तीच पद्धत सांगली जिल्ह्यातल्या शाळांत आणायची, तर प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर करून भागणार नाही.

उंचीचं वेगळं आहे. भारत धरून सहा देशांतल्या मुलांच्या मापांवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये तक्ते काढले. नीट खायला मिळालं तर पाच वर्षांपर्यंत मुलं सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, म्हणून ते अंगणवाडीतही चालतात. सुखाला अशी पट्टी नाही.

मुलांपुढे बहुधा शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी ठेवून ‘आयुष्यात तू कुठल्या पायरीवर आहेस?’ असं विचारतात. आपल्याकडे ‘दहापैकी’ म्हटलं की परीक्षेचे गुण आठवतात. त्यात सर वर्गात उभे असतील तर आकडा वरच जाणार. शिक्षकांनी बाहेर थांबावं, कागदावर नाव नसावं, तो मुलानेच पेटीत टाकावा. ‘मी स्वतःवर खूश आहे’ हे वाक्य मराठीत फुशारकीचं वाटतं. उलटे प्रश्न लहानांना देऊच नयेत. ‘मला बरंच काही बदलावंसं वाटतं’ याला ‘अजिबात नाही’ म्हणजे समाधान, हे आठ वर्षांच्या मुलाला उमगणं कठीण.

भाषांतर दोघांनी वेगवेगळं करावं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणावं, म्हणजे अर्थ कुठे बदलला ते कळतं. मग शिराळा, मिरज आणि जत इथल्या दहा-दहा मुलांना एकेकटं बसवून ‘हा प्रश्न तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावं. जतमध्ये कन्नड शाळांसाठी हे सगळं पुन्हा. युरोपातल्या सुबत्तेच्या प्रश्नांत स्वतःची खोली आणि भांडी धुण्याचं यंत्र येतं. आजीच्या कुशीत झोपणारं मूल त्यात वंचित ठरतं!

इतकं करूनही पासंग, म्हणजे रिकाम्या तराजूचाच एका बाजूला असलेला झुकाव, उरतो. एकाच तराजूवर कालचं आणि आजचं वजन ताडता येतं; दोन तराजूंचे पासंग वेगळे असतील तर या काट्यावरचा किलो त्या काट्यावरच्या किलोशी ताडता येत नाही. संख्याशास्त्रात याची तीन टप्प्यांची तपासणी आहे: प्रश्नांची बांधणी, प्रत्येक प्रश्नाचं वजन (त्याचा सुखाशी किती संबंध) आणि सुरुवातीचा बिंदू (सारखंच सुखी मूल सारखाच आकडा देतं का) दोन्हीकडे सारखा आहे का. तिसरा टप्पा पार झाला नाही तर सरासऱ्यांची क्रमवारी लावूच नये. दुसरा पार झाला असेल तर चिडवण्याचा, मारहाणीचा समाधानाशी किती संबंध, हे दोन्हीकडे ताडता येतं. आम्हाला तेच जास्त कामाचं वाटतं.

आणि मोजणी जानेवारीत शाळेत झाली तर ऊसतोड टोळ्यांची मुलं सुटतात. त्यांचं नाव गावाकडच्या हजेरीपटावर आणि मुलं इथल्या फडात, धाकट्या भावंडाला सांभाळत. गाळप हंगामात एक फेरी या टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर जाऊन, एकेकाशी तोंडी बोलून करावीच लागेल.

आपले,
बालविकास विषयाचे अभ्यासक, सांगली