लुडिंग्टनच्या कॅप्टनसाहेब, बाबांनी पाणी प्यायलं त्याबद्दल

कॅप्टनसाहेब,

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये. इंग्रजीतलं थँक यू कार्ड मी पाठवलंय, पण त्यात चार ओळींच्या पुढे हात सरकलाच नाही. जे खरं सांगायचंय ते माझ्या भाषेतच येतं, आणि इथे मिशिगनमध्ये, शिकागोत उन्हाळ्याला आईवडील घेऊन येणारी आपली इतकी माणसं आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून इथे लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही; मिशिगन लेकवरच्या लुडिंग्टन बंदरातून लोकांना मासे पकडायला बोटीवर नेणारे कॅप्टन, एवढंच सांगते. बाबांना विचारूनच लिहितेय, ते म्हणाले लिही, लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे. दोन वर्षांपूर्वी हेच बाबा असं म्हणाले नसते.

बाबा मालवणकडचे. आजोबा मासेमारीवर जगले, बाबा अठराव्या वर्षी मुंबईला आले आणि सगळी नोकरी गोदीत केली. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, प्रोस्टेटचा त्रास आहे, बीपीसाठी सकाळी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी असते. ज्यांच्या घरात वडील या वयाचे आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बंदरातून दुसऱ्या एका बोटीवर आम्ही गेलो होतो, नवऱ्याच्या ऑफिसची मंडळी बरोबर होती. मिशिगन लेकच्या मधोमध बाबांनी टॉयलेट कुठे आहे म्हणून हळूच विचारलं, तर त्या कॅप्टनने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की टॉयलेट बंद आहे, ती बादली आहे ना तिथे, आणि हसला. मग बाकीचेही हसले. मला तो विषय नाही की बोटीवर बादली का होती, लहान बोटीवर असते, पण तो हसला. बाबा जाऊन कोपऱ्यात बसले आणि परत येईपर्यंत उठले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी एक सवय लावून घेतली, बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. मॉलला जाताना नाही, देवळात जाताना नाही, डॉक्टरकडे जातानासुद्धा नाही. मी रागावायचे, ते म्हणायचे तहान नाही गं. मी लेक, मला ते काय सांगणार?

त्यामुळे या ऑगस्टमध्ये तुमच्या बोटीवर यायला मी त्यांना कसं तयार केलं ते माझं मला ठाऊक. आदल्या रात्री तुम्ही स्वतः फोन केलात. नैऋत्येचा वारा आहे, सकाळी पंधरा नॉट, दुपारी पंचवीसपर्यंत जाईल, लहान बोटींसाठी इशारा लागेल, आपण पहाटे निघून त्याच्या आत परत येऊ, आणि वडिलांना नको वाटलं तर उद्या सकाळी धक्क्यावर येऊन नाही म्हणा, पैसे घेणार नाही. हे सगळं न विचारता सांगितलंत. बाबा म्हणाले, वाऱ्याची दिशा आधी सांगतो म्हणजे हा माणूस खरा दर्यावर्दी, तांडेल आहे.

अंधारात निघालो. मी केळी घेतली होती, ती बघून तुमच्या मदतनीस पोराचा चेहरा पडला, बोटीवर केळं चालत नाही म्हणे, मासे मिळत नाहीत. मी काही बोलायच्या आत बाबांनी पिशवी उचलली आणि गाडीत ठेवून आले. दर्यावर जाणाऱ्याच्या अशा गोष्टींना का म्हणून विचारायचं नसतं, हे त्यांना घरातूनच माहिती. थर्मासमधला चहा मात्र त्यांनी घेतला नाही. कप तसाच परत दिला.

लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, ब्रेकवॉटरच्या, टोकाचं पांढरं दीपगृह मागे पडलं आणि बोट उडायला लागली. मिशिगन लेकला तळं कोण म्हणतं हा बाबांचा जुनाच प्रश्न आहे. समोरचा किनारा साठ मैलांवर, दिसतच नाही, सगळ्यात खोल जागी २८१ मीटर पाणी. पण समुद्रावरच्या लांब लाटेला मोकळं मैदान असतं तसं इथे नाही, म्हणून इथली लाट आखूड आणि उभी येते, एक गेली म्हणेपर्यंत दुसरी. बाबा दांडी धरून म्हणाले, "ही लाट दम घेवक देना नाय." मी भाषांतर केलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत आणि २३ सप्टेंबर १९६७ ची गोष्ट सांगितलीत. आदल्याच वर्षी ऑरेगॉनच्या अंड्यांतून वाढवलेले कोहो जातीचे सॅमन मासे इथल्या नद्यांत सोडलेले, त्यांच्यामागे लहान लहान होड्या घेऊन वेड्यासारखी माणसं आली, वादळाचा इशारा असून गेली आणि सात जण बुडाले. गोष्ट सांगताना तुम्ही एकदाही हसला नाहीत. बाबा टोपी काढून बसले होते.

तोवर गळाच्या नऊ दोऱ्या पाण्यात होत्या, दोन किंग सॅमन बोटीत आले होते, त्यातला एक सतरा पौंडांचा, माझ्या मुलाचे हात थरथरत होते. स्क्रीनवर खाली मासे दिसत होते. बोट दक्षिणेला चाललेली, लाट तोंडावर घेत. माझ्या नवऱ्याला बोट लागली होती, त्याच्याकडे माझं लक्ष. आणि तुम्ही बाबांपुढे पाण्याची बाटली धरलीत. बाबांनी हात हलवला, नको. तुम्ही परत पुढे केलीत, परत नको. मग तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत. मी ते बघणं बघितलं, कॅप्टनसाहेब. क्षणभरच. बाबांचा एक हात दांडीवर होता आणि डोळे खाली केबिनमधल्या टॉयलेटकडे उतरणाऱ्या चार पायऱ्यांवर. बोट अशी आपटत होती की त्या पायऱ्या मला धड उतरता आल्या नसत्या.

तुम्ही स्टिअरिंगकडे गेलात आणि मोठ्याने म्हणालात, मासे उत्तरेच्या भूशिराकडे सरकलेत वाटतं, बोट वळवतो. मोठा वळसा घेतलात, दोऱ्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून, आणि लाट मागून यायला लागल्याबरोबर बोट एकदम शांत झाली. म्हणजे हलत होती पण झोक्यासारखी. तुमचा पोरगा बाबांच्या कोपराला हात देऊन त्यांना खाली घेऊन गेला आणि दाराबाहेर पाठ करून उभा राहिला. कुणी काही बोललं नाही. आम्ही सगळे दोऱ्यांकडे बघत होतो. पाच-सात मिनिटांनी बाबा वर आले, आपल्या जागेवर बसले, तुमच्या हातातून ती बाटली मागून घेतली आणि सगळी संपवली. घटाघटा. शर्टावर सांडलं तरी थांबले नाहीत.

मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. धक्क्यावर तो पोरगा मासे साफ करत होता, मी सहज विचारलं की उत्तरेला मासे का मिळाले नाहीत, तर तो सुरी न थांबवता म्हणाला, उत्तरेला नव्हतेच, कॅप्टनला माहिती होतं, तुमच्या वडिलांसाठी वळवली. मी गाडीत जाऊन रडले.

माझी आई सांगायची, त्यांच्या गावच्या एसटीचा एक कंडक्टर होता, म्हाताऱ्या बायकांची चुळबुळ दिसली की टायर बघायचाय म्हणून झाडीपाशी गाडी थांबवायचा. कुणाचं नाव नाही घ्यायचा, टायरला लाथ मारून यायचा. अशी माणसं जगात आहेत, देश वेगळा, पाणी वेगळं, जात तीच. समोरच्याची अडचण ओळखायची, ती स्वतःच्या नावावर घ्यायची आणि विसरून जायचं. ज्याच्याकडे पैसे देऊन लोक मासे पकडायला येतात त्याने मासे सोडून बोट वळवायची, आणि वर सगळ्यांसमोर आपला अंदाज चुकला असं दाखवायचं, हे सोपं नाही. तुमच्या धंद्यात नाव अंदाजावरच चालतं ना? त्या दुसऱ्या कॅप्टनकडेही हाच मिशिगन लेक होता आणि हाच वारा. त्याला फक्त न हसायचं होतं.

साडेदहाला वारा चढायच्या आत तुम्ही आम्हाला आत आणलंत. पैसे ठरल्यापेक्षा कमी घेतलेत, त्यावर आपण वाद घातला, तुम्ही जिंकलात. माशांचं मी कोकम-तिरफळ घालून तिखलं केलं, बाबा म्हणाले मासा परका आहे पण चव धरतो.

बाबा आता मालवणला परत गेलेत. मागच्या आठवड्यात भावाबरोबर कणकवलीला डॉक्टरकडे जाताना त्यांनी पाण्याची बाटली बरोबर घेतली आणि रस्त्यात गाडी थांबवायला सांगितली, भावाने मुद्दाम फोन करून मला सांगितलं. आणि बाबांचा फोन आला की पहिला प्रश्न तुमच्याबद्दल असतो, "तांडेलांकडे वारो खयचो?" मग मी लुडिंग्टनचं हवामान उघडते. आज नैऋत्येचाच आहे, पंचवीस नॉट, लाटा सहा फूट. मी त्यांना सांगितलं, आज बोट बांधलेली असणार.

तुमची,
त्या चौघांतली लेक