त्या खोलीबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

रविवारी फोनवर मी ‘ओ पेअर’ म्हणाले, आई ‘बरं’ म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात गेला. आई, तुझं ते ‘बरं’ मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

मुलांना सांभाळायला मुलगी ठरली आहे. कोलंबियाची, बावीस वर्षांची, ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेत येतेय. सह्या झाल्यात, तेव्हा ‘अजून विचार करा’ म्हणू नका. ती मोलकरीण नाही. फ्रेंचमध्ये ‘ओ पेअर’चा अर्थच ‘बरोबरीच्या नात्यानं’. घरात राहणार, आमच्या पंक्तीला जेवणार आणि फक्त मुलांचं बघणार; भांडी-लादी आमची आम्ही. दिवसाला जास्तीत जास्त 10 तास, आठवड्याला 45, त्यात दीड दिवस सुट्टी. आठवड्याचे किमान 195.75 डॉलर. बाबा, तुम्ही 52 ने गुणून मोकळेही झाला असाल. एजन्सीची फी वेगळी, वर तिच्या शिक्षणाला 500. महाग आहे, मान्य. पण मूल तापलं की पाळणाघरवाले घरी न्यायला सांगतात, आणि मग रजा कुणी घ्यायची यावरून आमच्याकडे काय होतं ते तुम्ही पाहिलंय.

पिल्लू अजून दोन वर्षांचं नाही, म्हणून तिला तान्ह्या मुलांचा 200 तासांचा अनुभव असावाच लागतो. आहे. मी दोनदा विचारून घेतलंय.

आणि ‘परकी पोरगी’ म्हणशील, तर आई, तू 7:52 पकडायला पळायचीस तेव्हा माझी वेणी कोण घालायचं? सुमनकाकूंकडून संध्याकाळी घरी यायचं नाही म्हणून मी भोकाड पसरायचे. तुला तेव्हा काय वाटत असेल, ते मला आत्ता कळतंय.

तुम्ही नकोत म्हणून हे नाही गं. मागच्या खेपेला पिल्लूला कडेवर घेऊन तू तळघराचा जिना चढत होतीस, मध्येच बसलीस. ‘दम खातेय’ म्हणालीस. मी वरून बघत होते. इथल्या पाहुण्यांच्या विम्यात जुनी दुखणी बहुतेक धरतच नाहीत आणि बाबांचा स्टेंट जुना. सहा महिन्यांच्या गोळ्या मोजून आणलेला तो डबा बघितला की माझ्या पोटात गोळा यायचा. ठाण्यात तुम्हाला सकाळी तलावपाळीची फेरी आहे, कोपिनेश्वर आहे, गडकरीला नाटक आहे. इथे आई खिडकीत बसून गाड्या मोजायची.

आता ऐका. बाबा, माळ्यावर चढायचं नाही. जांभळी नाक्यावरून भाजी आणलीत तर रिक्षा करायची, ‘एवढंसं तर अंतर’ चालणार नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, माझा फोन येणार असेल त्याच दिवशी नाही. बाथरूममध्ये दांड्या बसवायला माणूस सांगितलाय, त्याला चहा पाजून परत पाठवू नका.

एक राहिलंच. खरं तर तेच लिहायला बसले होते. नियमानं तिला स्वतंत्र खोली द्यावी लागते. आणि आपल्याकडे मोकळी खोली एकच आहे. तुमची.

तुम्ही याल तेव्हा मुलं आमच्यात झोपतील, तुम्ही त्यांच्या खोलीत. तिथून बाथरूम दोन पावलांवर आहे, रात्री जिना नाही, आणि पलंगही आईला उठता येईल एवढाच उंच घेतलाय. खरंच बरी पडेल. तुमच्या कपाटातलं काही टाकलेलं नाही: चॉकलेटी स्वेटर, बाबांची कानटोपी, अर्धी विक्सची बाटली, सगळं एका बॅगेत आहे. भिंतीवरचं कालनिर्णय मी उतरवायला गेले, तर दादू आडवा आला, ‘आजीचं आहे.’ मग त्याच्याच पलंगाशेजारी लावलं. पानं तो उलटतो, कधी कधी दोन एकदम.

पुढच्या वर्षीचं येताना घेऊन या.

तुमची,
ठमी