सुन्यास, मायामीहून

प्रिय सुन्या,

शुगर ताब्यात आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी बरं. आता मुद्द्याचं.

ईशानला गॅरेजमधल्या खोक्यात आपली ती सीडी सापडली. त्या रॅपर पिटबुलची पहिली, २००४ची, 'एम. आय. ए. एम. आय.'. कव्हरवर तुझ्या चहाच्या कपाचं वर्तुळ अजून तस्संच आहे. मला वाटलं पोरगं हसेल. ह्यांच्यासाठी पिटबुल म्हणजे लग्नात काकालोक ज्याच्यावर नाचतात तो टकलू. पण हा हेडफोन लावून बसला आणि जेवताना म्हणतो, "बाबा, ह्यात किती गावं आहेत!" हिने विचारलं, "कुठली रे गाणी?" आम्ही दोघं वरणाकडे बघत बसलो. त्यातल्या निम्म्या ओळी घरात मोठ्याने म्हणण्यासारख्या नाहीत, तुला माहीतच आहे.

तू असतास तर तिथेच सुरू झाला असतास. "ह्यात मायामीचं काय आहे? सगळी बोंबाबोंब तर अटलांटाच्या लिल जॉनची!" आणि 'कूलो' लागलं की तुझं ठरलेलं: ठेका चोरलाय, नीना स्कायच्या गाण्याखालीही हाच वाजतो. अरे, तो जमैकाचा 'कूली डान्स' रिदिम. तिकडे रीतच ती, एका ठेक्यावर वाटेल त्याने गावं. आपण एका चालीवर दहा अभंग म्हणतो तेव्हा कोणी पोलिसांत जातं का? ह्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

तर ईशानने काय केलं, तू पाठवलेलं ढोल-ताशा पथकाचं रेकॉर्डिंग घेतलं, खाली ८०८चा, म्हणजे त्या जुन्या ड्रम मशीनचा, बेस लावला, मध्ये डेम्बो, म्हणजे रेगेटॉनचा ठेका, आणि वर स्वतःचं रॅप. मराठी, इंग्रजी आणि शाळेतलं स्पॅनिश. हे त्याला मंडळाच्या गणपतीत वाजवायचंय. कमिटीत रणकंदन. एक काकू म्हणाल्या, "बाप्पासमोर रेगेटॉन?" रविवारी मतदान आहे आणि मी खजिनदार. (त्या अल्बमचं पूर्ण नाव 'मनी इज अ मेजर इश्यू'. निदान तेवढ्यापुरता मी पिटबुलच्या बाजूने ठाम.)

पण माझा घोर काकूंचा नाही रे. ऐकताना काहीतरी खटकत होतं. आधी वाटलं, मिक्सिंगची भानगड. ढोल आणि ८०८ दोघंही तळातल्या एकाच जागेवर हक्क सांगतात. ईशानने स्क्रीनवर दाखवलं मला: ढोलाचा खालचा आवाज कापला की बेस मोकळा होतो, पण मग ढोलात जीव उरत नाही. डेम्बोचे ठोके आठात तीन-तीन-दोन असे पडतात, त्यावर ताशा मस्त बसतो, खोटं नाही बोलत. तरी सगळं कोरडं.

पिटबुलचं बघ. क्यूबन आईबापाचा, जन्म मायामीचा. आई क्यूबाचा कवी होसे मार्ती, त्याच्या कविता पाठ करून घ्यायची, बाहेर गाड्यांच्या डिकीतून 'मायामी बेस' हे तिथलं हिप-हॉप दणदणायचं, आणि त्याच बेसवाल्या ल्यूथर कॅम्पबेलने त्याला आधी आपल्या कंपनीत घेतला. मुद्दाम मिसळायला बसला नव्हता तो, कानात होतं तेच तोंडातून आलं. 'टोमा' गाण्यात लिल जॉन बेंबीच्या देठापासून ओरडतो, हा मधूनच स्पॅनिशमध्ये सटकतो, आणि सांधा कुठे ते कळत नाही. ईशानचा ८०८ त्याचा स्वतःचा आहे. स्पॅनिशही जवळपास त्याचंच, वर्गातली निम्मी पोरं क्यूबन नाहीतर कोलंबियन. ताशा मात्र तुझा-माझा आहे. त्याने तो स्पीकरच्या बाहेर कधी ऐकलेला नाही. मंडळाकडे ढोल आहेत, ताशावाला कोणी नाही. शेजारी उभं राहिल्यावर तो कानात काय करतो, हे पोराला सांगू कसं? (आपला दाढी एकदा सरावाला कानातला कापूस विसरला होता आणि पुढे आठवडाभर 'ऑं? ऑं?' करत फिरला, तेही सांगून झालं. हसला फक्त.)

म्हणून हे पत्र. जूनमध्ये शाळा सुटली की पाठवतो त्याला तुझ्याकडे. नदीकाठचा सराव सुरू होईलच. ऑगस्टच्या मध्याला इथे शाळा उघडते, त्यामुळे मिरवणूक काही त्याच्या नशिबात नाही, नुसता सराव. पहिल्या दिवशी हातात ताशा देऊ नकोस. ढोल आवळायला लाव, पानं बदलायला लाव, आपल्याला लावलं होतं तसं. परत आला की ट्रॅक पुन्हा करू दे, आणि तरीही कोरडा वाटला तर मी स्वतः विरोधात मत देईन. रविवारी मी 'ऑगस्टपर्यंत तहकूब' असं सुचवणार आहे. तहकूब म्हटलं की आमच्या कमिटीचा चेहरा खुलतो.

त्याला रात्री उशिरा भूक लागते, फ्रिजला कुलूप नको. आणि पोंक्षेकाकांना आधीच सांगून ठेव की पोरगं मराठी समजतं, त्याच्यासमोर माझे किस्से नकोत.

तुझा फ्लॅट मिळाला का ताब्यात? वैनींची बदली टळली असं कोणीतरी म्हणालं, खरं का? रेवाला दहावीचं विचारू नकोस असं हिने बजावलंय, म्हणून विचारत नाही.

शनिवारच्या आत फोन कर. व्हॉइस मेसेज नको, तुझ्या मेसेजमध्ये तुझ्यापेक्षा पंखाच जास्त बोलतो.

तुझा,
बंड्या