चट्टा बुरशीचा नसेल तर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला जांघेतल्या चट्ट्यांवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळा लागला नाही. लिहिणाऱ्या डॉक्टरांविषयी मला आदर आहे. पण सुती कपडे वापरा, मलम लावा, धीर धरा, एवढ्यावर लेख संपावा? आमच्या ह्यांनी सव्वा वर्ष धीर धरला.

जांघेत लाल चट्टा, कडेला बारीक फोड, मग खपली. मधला भाग काळपट होऊन बरा व्हायचा आणि कड पुढे सरकायची. एकदा मी त्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढून ठेवली. चौथ्या दिवशी चट्टा रेघेच्या दोन बोटं पुढे! हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी मलम बदलून दिलं. अशी सात मलमं झाली. खरवडून केलेल्या तपासणीत बुरशी सापडली नाही, तरी औषध बुरशीचंच. दरम्यान वजन तेरा किलो उतरलं, शुगर नव्याने निघाली, जीभ लालभडक, ओठांचे कोपरे चिरलेले. शुगरवाले डॉक्टर वेगळे, कातडीचे वेगळे. दोन्ही फायली माझ्याच पिशवीत होत्या, पण दोन्ही एकत्र उघडून कुणी पाहिल्या नाहीत.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली, कातडीचा तुकडा तपासायला पाठवला, रक्तातलं ग्लुकागॉन, म्हणजे साखर वाढवणारं संप्रेरक, मोजायला सांगितलं. स्वादुपिंडात ग्लुकागॉन बनवणारी गाठ निघाली, ग्लुकागोनोमा. हे संप्रेरक बेसुमार वाढलं की साखर चढते, रक्तातली अमिनो आम्लं घटतात, बहुधा त्यानेच कातडी अशी सोलवटते, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत चट्टा मावळला. पण तोवर गाठ यकृतात पोचली होती. इंजेक्शनं अजून चालू आहेत.

हा आजार वर्षाला दोन कोटींत एखाद्याला होतो, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक खाजेला स्कॅन करा असं मी म्हणत नाही. पण ‘चट्टा सरकतोय, वजन उतरतंय, शुगर नव्याने निघाली, तर मलम थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठा’ एवढी एक ओळ त्या लेखात का मावली नाही?

आणि त्याच पानावर, लेखाला खेटून, ‘सात दिवसांत खाज गायब’ ही मलमाची जाहिरात. ती निदान दुसऱ्या पानावर टाकायची होती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड