नव्या कवितासंग्रहांच्या वाटपासाठी हॉल मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

सप्रेम नमस्कार,

जिल्ह्यातल्या पाच नव्या कवींनी आपापल्या संग्रहाच्या प्रत्येकी आठ प्रती माझ्याकडे दिल्या आहेत. या ४० प्रती सोसायटीतल्या वाचकांना विनामूल्य द्यायच्या आहेत. त्यासाठी १० मार्चला संध्याकाळी तळमजल्यावरचा हॉल दोन तास मिळावा. संस्थेच्या निधीतून काही खर्च नको.

फुकट कशाला, असं मीटिंगमध्ये कुणी विचारेल. पहिला संग्रह कवी बहुतेक वेळा पदरमोड करून छापतो. प्रकाशन होतं, पाहुण्यांना ‘सप्रेम भेट’ लिहून प्रती जातात आणि उरलेले गठ्ठे घरी येऊन पलंगाखाली सरकतात. आपल्याकडे जून लागला की भिंतींना ओल धरते. गणपतीपर्यंत मुखपृष्ठावर बुरशीचे ठिपके उठतात, आणि वाळवी लागली तर गठ्ठाच जातो. पोटाला चिमटा काढून छापलेल्या पुस्तकाचं असं व्हावं, हे मला बघवत नाही. म्हणून पावसाच्या आत ही पुस्तकं वाचणाऱ्यांच्या घरी पोचायला हवीत.

आपले मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले. त्यांच्या कवितांचं पुस्तक हरि नारायण आपट्यांनी काढलं ते १९१७ साली. मराठी कवितेला नवं वळण देणाऱ्या माणसाला स्वतःचा संग्रह हातात घ्यायला मिळाला नाही! आज पुस्तक निघतं, पण ते वाचलं कुणी हे कवीला कळत नाही. ते कळावं, एवढ्यासाठीच माझी ही धडपड आहे.

म्हणूनच टेबलावर ढीग मांडून वाटप करायचं नाही. आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर पाचही मुखपृष्ठं आणि प्रत्येक संग्रहातली एक कविता लावू. कवींची संमती घेतली आहे. ज्याला जो संग्रह वाचावासा वाटेल त्याने नाव लिहून वॉचमनच्या केबिनमधल्या डब्यात चिठ्ठी टाकावी. एका संग्रहाला आठांहून जास्त नावं आली तर मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढू. पुस्तक नेणाऱ्याने महिन्याभरात कवीला चार ओळी लिहाव्यात, एवढीच अट. कविता आवडली नाही तर तसंही लिहावं. नव्या कवीला हारतुऱ्यांपेक्षा याची गरज जास्त असते.

एक आग्रह आहे. चिठ्ठी टाकण्याचा हक्क फक्त सभासदांपुरता नसावा. भाडेकरू, वॉचमन, घरकामाला येणाऱ्या मावशी, ज्यांना वाचायचं आहे त्या सगळ्यांना तो असावा. इथे मेंटेनन्स कोण भरतं हा प्रश्न येऊ नये.

२७ फेब्रुवारीला शाळांत आणि वाचनालयांत मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम असतात, म्हणून तो दिवस टाळला. १० मार्च हा मंगेश पाडगावकरांचा जन्मदिवस. १९२९ साली ते वेंगुर्ल्याला जन्मले. दहावीच्या परीक्षा तेव्हा चालू असतील, म्हणून माईक लावणार नाही. पाचांपैकी दोघी कवयित्री स्वतः येऊन वाचतील. खुर्च्या मांडणं, आवरणं आणि नंतर झाडलोट आमच्या विंगमधली मंडळी करतील.

येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा आणि होकार असल्यास फेब्रुवारी संपण्याआधी नोटीस लावण्याची परवानगी द्यावी. पाचही संग्रहांची एकेक प्रत ऑफिसात ठेवली आहे. सभेपूर्वी कार्यकारिणीने ती जरूर चाळावी.

आपली नम्र,
एक रहिवासी, बी विंग