ती वाट चालणाऱ्यांनी वाचवली आहे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या खोऱ्यातल्या सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्यावरचा लेख वाचला. फोटो देखणे आहेत, वर्णनही मनापासून केलेलं आहे. पण लेखकाने कालव्याकाठच्या वाटेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘सायकल ट्रॅक’ म्हटलं आहे, वर जॉर्जटाऊन ते कंबरलँड हे १८४ मैल तीन दिवसांत मारायचा सल्ला दिला आहे. हे वाचून गप्प बसवेना.

मी मेरीलँडमध्ये राहते. गेल्या उन्हाळ्यात कराडहून बाबा आले होते. ग्रेट फॉल्स धबधब्याच्या वर आम्ही कडेकडेने चाललो होतो. उजवीकडे कालवा, डावीकडे झाडीतून दिसणारी नदी. मागून एक सायकलवाला आला. ना घंटी, ना हाक. हँडल बाबांच्या कोपराला लागलं, काठी थेट पाण्यात गेली आणि बाबा कालव्याकडे झुकले. मी त्यांचा शर्ट धरला म्हणून निभावलं. तो माणूस मान वळवून ‘सॉरी’ म्हणाला, थांबला मात्र नाही. त्यानंतर बाबा परत जाईपर्यंत त्या वाटेकडे फिरकले नाहीत. एवढ्या लांब येऊन त्यांना आवडलेली ती एकच जागा होती!

सायकलवाल्यांनी ताशी १५ मैलांच्या आत राहायचं, मागून येताना घंटी वाजवायची, चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, असे तिथले नियम आहेत. लेखात त्यांतला एकही नाही.

आणि ही वाट राहिली कशामुळे? १९५४ साली कालव्यावरून मोटाररस्ता न्यायचं घाटत होतं आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखात त्याची बाजू घेतली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिलं: माझ्याबरोबर चालून बघा, मग मत द्या. संपादक गेले, चालले आणि त्यांनी भूमिका बदलली. सोबत निघालेल्यांपैकी सबंध अंतर शेवटपर्यंत चालणारे नऊच जण उरले. १९७१मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. वर्तमानपत्राला आलेल्या एका पत्राची ही गोष्ट तुमच्याच पानावर गाळली जावी, याचं वाईट वाटतं.

आणखी एक. ‘पाण्याची चिंता नको, मुक्कामाच्या जागी हातपंप आहेत’ असं छापलं आहे. हिवाळ्यात पंपांचे दांडे काढून ठेवतात. नाताळच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन कुणी या लेखाच्या भरवशावर गेलं, तर मैलोन् मैल पाणी मिळणार नाही. ही दुरुस्ती आणि वरचे नियम कृपया येत्या रविवारीच छापावेत.

आपली,
एक वाचक, मेरीलँड