मागीलदार

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, रागावला असशील तर रागाव. मी बरा, आईचे गुडघे तसेच. पण काल देवगडला अण्णांच्या शेडवर जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

दिनू आजारी, आपण लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा त्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक नाही, बाहेर टेम्पो पेट्या भरून उभा. कीबोर्डात पेंढ्याचा भुसा, एंटरचं बटण आंब्याच्या चिकाने काळं पडलेलं. मी सहज आपला जुना शब्द टाकला, तुझ्या कुत्र्याचं नाव आणि आपल्या बारावीचं साल. उघडलं की रे! सगळ्या बागायतदारांच्या उचली, बाक्या, सगळं समोर. वाघ्या जाऊन इतकी वर्षं झाली नि राखणीला ठेवलेला तो, आता आल्यागेल्याला घरात घेतोय! अण्णांनी माझी पाठ थोपटली, माझ्या पोटात गोळा आला.

२००९ ला यावरूनच भांडलेलो ना आपण? तू म्हणालास, गिऱ्हाईक पासवर्ड विसरलं की दरवेळी एसटीने कोण जाणार, राहू दे सॉफ्टवेअरात एक मागीलदार, आपला शब्द टाकला की उघडणारं. मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही आणि चौथ्या दिवशी मीच ती ओळ टाईप केली.

रात्रभर डोळा नाही. ती ड्युअल ईसी आठव, अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्याने पुढे केलेली, गुप्त किल्ल्यांसाठी रँडम नंबर काढायची पद्धत, २००६ ला तिथल्या मानकं ठरवणाऱ्या निस्टच्या स्टँडर्डमध्ये आली. २००७ ला शुमो आणि फर्ग्युसन या संशोधकांनी दाखवलं की त्यातल्या दोन बिंदूंमधलं नातं ज्याला ठाऊक, त्याला पुढचे नंबर काढता येतात. मग ज्युनिपर कंपनीच्या फायरवॉलमध्ये कुणीतरी घुसून त्यातला एक बिंदूच बदलला, दार तेच, किल्ली दुसऱ्याची, आणि हे बाहेर आलं २०१५ च्या डिसेंबरात! बरं, २०२४ ला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं दार आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला सापडलं ते लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून. आपलं तर एंटर दाबताच उघडतं, संशय येणार कुणाला? दिनूच्या आधीच्या पोराला तू फोनवर तो शब्द सांगितलेलास, मी शेजारीच होतो. त्याने पुढे कुणाला सांगितला असेल?

शेडचं एकवेळ ठीक, पण हेच सॉफ्टवेअर आपण पतपेढीलाही दिलंय रे. सोर्स तुझ्या जुन्या हार्डडिस्कवर आहे, माझ्याकडची कॉपी पुराच्या पाण्यात गेली. डिस्क पार्सलने पाठवू नकोस, घेऊन ये. अण्णांना खरं काय ते आपण दोघांनी समोर बसून सांगायचं, एकट्याने माझ्याच्याने होणार नाही.

चिनूची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. शनिवारी रात्रीची गाडी पकड, मी स्टँडवर असेन.

तुझा,
विनू